बेड्याबाहेरची होडी

आमच्या बेड्याबाहेर, म्हणजे कुंपणाच्या फाटकाबाहेर, सड्याच्या कातळपठारावरून उतरणारी वाट जिथं खाडीकडे वळते तिथं, एक जुनी होडी चार जांभ्या दगडांवर टेकवून ठेवलेली होती. आंब्याच्या एका खोडातून कोरलेली, दोन माणसं जेमतेम बसतील एवढी. एका अंगाला तळ कुजला होता, तिथं काथ्या आणि राळ ठासलेली होती. ती नेहमी पाण्यानं भरलेली असे आणि वाटेनं जाणारी गुरं तिच्यात तोंड घालून पाणी पीत.

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा मला याचं नवल वाटलं. माझ्या माहेरी गुरांसाठी दगडाची दोण होती. इथं होडी कशाला, हे विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली होते, वाचता-लिहिता चांगलं येत होतं, पण माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. बेड्यापाशी परका माणूस दिसला की मी झापांच्या कुडाआड जाऊन उभी राही. तिथून सगळं ऐकू येई आणि फटीतून दिसेही. गुरांची साथ आली त्या वर्षीचं मला जे आठवतं आहे, त्यातलं पुष्कळसं त्या फटीतून पाहिलेलं आहे.

होडीची हकिगत मला थोरल्या जाऊबाईंनी एकदा भात कांडताना सांगितली. होडी त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची. लहान असताना ते तिच्यातून खाडीत गळ टाकायला जात. पुढं ते पडावावर खलाशी म्हणून लागले. एका वर्षी दिवाळीनंतर त्यांचा पडाव मंगळुरी कौलं आणायला दक्षिणेला गेला तो परत आला नाही. बरोबरच्या पडाववाल्यांनी येऊन सांगितलं की वाटेत वारं फिरलं, आणि मग त्यांचा पडाव दिसेनासा झाला. कुठंतरी किनाऱ्याला फळ्या लागल्या असं कोणी म्हणे, पण त्या कोणत्या पडावाच्या हे कोण सांगणार?

त्या पडावावरच्या बाकीच्या घरांनी वाट बघून बघून शेवटी दिवस घातले. सासूबाईंनी घातले नाहीत. त्यांनी होडी खाडीवरून ओढून वर आणवली, बेड्याबाहेर ठेवली आणि पाण्यानं भरायला सांगितली. "आपण वाटेवरच्या तहानल्याला पाणी देतो," त्या म्हणत, "तसं त्यालाही कुठंतरी कुणीतरी देत असेल."

तेव्हापासून होडी भरलेली होती तोवर दीर जिवंत होते, आणि दीर जिवंत होते तोवर जाऊबाई सवाष्ण होत्या. असं बोलून कोणी दाखवत नसे, पण वाडीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. चैत्राच्या हळदीकुंकवाला जाऊबाईंना बोलावणं येई. पण त्यांना कुंकू लावताना लावणारीचा हात जरासा थबके, हे मी बघितलेलं आहे. बेपत्ता माणसाला बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग माणूस गेला असं धरतात. बारा वर्षं होत आली होती. घरात सासरे नव्हते, हे मुंबईला गिरणीत, शेती बघायला शेजारच्या घरातले चुलत सासरे. सगळे त्यांना काका म्हणत. काका अधूनमधून तो विषय काढत. सासूबाई उठून आत जात, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जाऊबाई विहिरीवरून घागरी आणून होडी काठोकाठ भरत.

गुरांना खुरकूत झाली की खाऱ्या पाण्यात उभं करायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. खुरांच्या बेचक्यात पडलेल्या जखमा खाडीच्या पाण्यानं आणि चिखलानं बऱ्या होतात. साथ आली की सड्यावरच्या गावांतली माणसं आपापली गुरं घेऊन भरतीच्या वेळेला खाडीवर उतरत. लंगडणारी, तोंडातून लाळ गाळणारी गुरं रांगेनं आमच्या बेड्यावरून जात. जाताना पाणी पीत आणि परत येताना तर जास्तच पीत, कारण खाडीच्या पाण्याचं मीठ चाटून त्यांना तहान लागलेली असे. माणसांना सासूबाई गुळाचा खडा देत, गाव विचारत, कुणाच्या घरी काय चाललंय ते विचारत. आणि शेवटी, समुद्रावरचा कोणी भेटला होता का, असंही विचारत. ज्यांनी जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता अशा कुणब्यांनाही विचारत. ते बिचारे खाली बघून म्हणत, नाय बाय, आमच्याकडे कोण येतोय समुद्रावरचा.

खुरकुतीनं गुरं हैराण होत, वासरं कधी मरत, पण मोठी जनावरं सहसा उठून उभी राहत. म्हणून त्या साथीची आम्हांला भीती नव्हती. कंटाळा होता एवढंच.

ज्या वर्षाची मी गोष्ट सांगते आहे त्या वर्षी शिमगा सरल्यावर गुरं उतरू लागली. त्या आधी सड्यावरच्या एका गावात आंबा घाट उतरून नवे बैल आले होते. नांगरटीसाठी आमच्याकडचे लोक घाटावरचे बैल घ्यायला जात, त्यात नवं काही नव्हतं. बैल आल्यावर त्या गावात लाळेची साथ सुरू झाली, असं गुरं आणणारा म्हातारा सासूबाईंना सांगत होता. "यंदा लाळ लय गळते, बाय," तो म्हणाला. "वाईच पाणी पाजतो नि खाली नेतो."

मी कुडाआडून बघत होते. लाळ गळत होती हे खरं, पण गुरांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं आणि गालांवर त्याचे काळे ओघळ सुकलेले होते. मागचा भाग शेणानं बरबटलेला होता आणि वास असा, की मी पदर नाकाला लावला. ती गुरं हळू चालत होती, पण एकही लंगडत नव्हतं. संध्याकाळी मी ते जाऊबाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, मलाही तसंच वाटलं. त्यांनी काकांच्या कानावर घातलं. काका हसले. खूर बघायची कामं आता बायकांकडे आली म्हणजे पुरुषांनी कांडण घ्यावं, असं म्हणाले आणि पान लावत बसले.

रोज गुरं येत राहिली. खाऱ्या पाण्यात उभी राहिली, आमच्या होडीत पाणी प्यायली आणि चढण चढून परत गेली. काही परत गेलीच नाहीत. खाडीच्या चिखलात बसली ती उठली नाहीत. आमच्या बाजूची माणसं म्हणू लागली की यंदाची खुरकूत कडक आहे. मग त्यांनीही आपल्या गोठ्यातली गुरं, अंगाला काही नसलेली सुद्धा, आधीच काळजी घेतलेली बरी म्हणून खाडीवर नेली. सगळी एकाच चिखलात उभी.

मग रत्नागिरीहून गुरांचा सरकारी डॉक्टर आला. मोटारी तेव्हा आमच्या बाजूला येत नसत, तो सडा तुडवत चालत आला होता. बरोबर पट्टेवाला. डॉक्टर वयानं फार मोठा नव्हता, घसा बसलेला होता, बहुधा गावोगाव तेच तेच सांगून. त्यानं खाडीवर जाऊन बसलेल्या एका बैलाचं तोंड उघडून पाहिलं आणि परत येताना आमच्या बेड्यापाशी थांबला. काका होते, वाडीतले दोघेतिघे होते. सासूबाई ओटीवर, जाऊबाई घागर घेऊन होडीपाशी, आणि मी माझ्या जागी.

ही खुरकूत नाही, बुळकांडी आहे, असं त्यानं सांगितलं. खुरं साफ आहेत हे कुणी बघितलं नाही काय, असंही विचारलं. काकांनी दुसरीकडे पाहिलं. खाऱ्या पाण्याचा या रोगाला काही उपयोग नाही, उलट एका जनावराची लाळ दुसऱ्याच्या तोंडात जाते. गावाबाहेर गुरं न्यायची नाहीत, आणायची नाहीत, मेलेलं जनावर कातड्यासकट खोल पुरायचं. टोचायची लस आहे, पण थोडी आहे, रोग जिथं पोचला नाही त्या गावांना ती आधी द्यायची असा हुकूम आहे.

"ही आली कुठनं पण?" वाडीतल्या एकानं विचारलं.

"घाटावरून," डॉक्टर म्हणाला. "पलीकडच्या संस्थानात रोग आहे. नाक्यावर दारू शोधतात, गाडीचा परवाना बघतात. बैलाचं तोंड कोणी उघडून बघत नाही. आम्हांला कळतं तेव्हा बैल तुमच्या गोठ्यात बांधलेले असतात."

मग त्यानं होडीकडे बोट दाखवलं आणि ती आधी पालथी घाला म्हणाला.

कोणी हललं नाही. सासूबाई ओटीवरून खाली आल्या. "साहेब, तुम्ही शिकलेले, तुमचं खरं असेल," त्या म्हणाल्या. "पण दाराशी आलेल्या मुक्या जनावराला मी पाणी नाय कसं म्हणू?"

"आजी, ह्या पाण्यानं ती मरतायत."

"तहानेनंही मरतातच की."

काका मध्ये पडले. "वयनी, बास झालं तुमचं पुण्य," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी डॉक्टरला बाजूला नेलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण डॉक्टरनं मान वळवून जाऊबाईंकडे पाहिलं, त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. जाऊबाईंनी पदर पुढं ओढला. तो परका माणूस होता. पाण्यानं भरलेल्या एका लाकडाचा कुणाच्या कुंकवाशी काही संबंध असेल हे त्याला कुठून ठाऊक असणार? शेवटी तो म्हणाला, निदान गुरांना होडीत तोंड घालू देऊ नका, एवढं तरी करा. आणि पुढच्या वाडीकडे गेला.

त्याला दया आली होती. आम्हांला त्या दयेची फार मोठी किंमत पडली, पण त्याच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते असं मला आजही वाटतं.

सासूबाईंनी त्याचा शब्द पाळला. बंदी असूनही सड्यावरून गुरं उतरतच होती, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच जनावराला होडीपाशी जाऊ दिलं नाही. घरातली जस्ताची बालदी बाहेर आणली. होडीतून बालदी भरायची, जनावरासमोर धरायची, ते प्यायलं की पुन्हा होडीत बुडवून भरायची. साहेबानं सांगितलं त्याहून आपण जास्त सांभाळतो, असं त्यांना वाटत होतं. सगळी गुरं गेल्यावर बालदी राखेनं घासायची, आमच्या गाईचं गोमूत्र शिंपडायची, तुळशीचं पान टाकायची आणि मग त्याच बालदीनं आमच्या गोठ्यात पाणी द्यायची. त्यांच्या लेखी बालदी शुद्ध झालेली असे. आमच्या कुणाच्याच मनात वेगळं काही आलं नाही. विटाळ कसा जातो हे आम्हांला माहीत होतं, रोग कसा जातो ते माहीत नव्हतं, आणि दोन्ही एकच असं आम्ही धरून चाललो होतो.

गोठ्यात दोन बैल, एक गाय आणि तिची कालवड होती. गाय माझ्या माहेरून आंदण आलेली. आधी तिनंच रवंथ बंद केला. सकाळी धार काढायला बसले तर आचळ सुकलेलं, अंगावरचे केस उभे. मी तिचं तोंड उघडून पाहिलं. ओठांच्या आत, हिरड्यांवर, कोंडा फासल्यासारखे पांढरे ठिपके होते. मी जाऊबाईंना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि बालदी उचलून गोठ्याबाहेर फेकली. ती उताराला लागून गडगडत कुंपणापर्यंत गेली.

गाय गेली. तिच्या मागोमाग एक बैल गेला, मग दुसरा. बैल शेवटी शेवटी मान वळवून आपल्याच कुशीकडे बघत राहायचा. सासूबाई त्याच्या तोंडाला तांदळाची पेज लावत बसायच्या, ती खाली ओघळायची. कालवड वाचली. ती का वाचली ते कळलं नाही. वाडीतल्या बहुतेक गोठ्यांत असंच झालं. सड्याच्या उतारावर खड्डे खणले. मेलेलं ढोर ओढून नेणाऱ्यांना कातडं काढायची बंदी झाली, त्यांचंही ते वर्ष बुडालं. कितीतरी दिवस वाऱ्याबरोबर तो वास यायचा आणि जेवण जायचं नाही.

आमच्या तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. पण विहिरीवर आम्ही दोघी गेलो की बोलणी थांबत. एकदा आम्ही पाठमोऱ्या झाल्यावर एक बाई दुसरीला म्हणाली, "ह्यांच्या घरात पुण्य, नि आमच्या गोठ्यात हाडकां." आम्हांला ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणाली. जाऊबाईंच्या डोक्यावरची घागर हललीसुद्धा नाही. त्या घरी आल्या आणि होडीत पाणी ओतलं.

होय, होडी त्या अजून भरत होत्या. प्यायला कोणी येत नव्हतं. वरच्या गावांतली गुरं एक तर मेली होती नाहीतर आता कोणी बाहेर काढत नव्हतं. मधे एकदा डॉक्टरचा पट्टेवाला येऊन गेला. त्यानं तळाची बुजवण काठीनं ढोसून काढली आणि सगळं पाणी सोडून दिलं. जाऊबाईंनी काथ्या वळला, राळ वितळवली, भोक पुन्हा बुजवलं आणि पुन्हा भरली. सासूबाईंनी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. गाय गेल्यापासून सासूबाई ओटीच्या खांबाला टेकून बसलेल्या असत, कशात मन नसे. जाऊबाई आपणहून भरत होत्या.

मला राहवलं नाही. आम्ही दोघीच असताना मी विचारलं, आता हे पाणी कुणासाठी भरता?

"कुणासाठी नाय भरीत," त्या म्हणाल्या. घागर पालथी करून शेवटचा थेंब निथळू दिला. "भरली नाय तर मी कोण गो, धाकटे?"

त्यांचं वय तेव्हा तिशीच्या आसपास असेल. मूलबाळ नव्हतं. माहेरी भाऊ होता, पण विधवा बहीण म्हणून तिथं जाण्यात काय असतं हे आमच्यात कुणाला सांगायला लागत नाही. या घरात त्या थोरली सून होत्या, दाराला तोरण लावणाऱ्या, गौरी घेणाऱ्या. ते सगळं त्या पाण्यावर तरंगत होतं.

वैशाख आला. ऊन असं, की सड्यावरचा कातळ दुपारी अनवाणी पायाला सोसेना. नांगरटीला बैल कुठून आणायचे ही सगळ्या वाडीला काळजी पडली होती. रोग ओसरला असं म्हणत होते, पण खरं कुणालाच माहीत नव्हतं. अशा एका दुपारी सड्यावरून एक माणूस बैलांची जोडी घेऊन उतरला. डोक्यावर छत्री, पायांत वहाणा, अंगानं बारीक. बैल पांढरे, तरणे, डोळे स्वच्छ. लांबच्या एका गावातून, जिथं रोग पोचला नव्हता तिथून, विकायला आणले होते. सकाळपासून चालून त्यांच्या तोंडाला फेस आला होता. पाण्याचा वास लागताच दोघांनी माना होडीकडे वळवल्या.

जाऊबाई बेड्यापाशी माडाची झापं विणत बसल्या होत्या. त्या उठल्या आणि बैलांच्या आणि होडीच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ह्यातलं पाणी पाजू नको.

माणसाला वाटलं थट्टा आहे. "भरलेली होडी नि पाणी नाय?" तो म्हणाला. "मग ही काय मुंबईस निघाली काय, बाय?"

ओटीवरून सासूबाईंचा आवाज आला. "पाज रे बाबा, पाज. तहानलेत ते."

"म्हातारी तर पाज म्हणते," माणूस म्हणाला आणि कासरा सैल सोडला.

"त्या म्हणणारच. आई आहेत त्या," जाऊबाई म्हणाल्या. "आमच्या गोठ्यात आता एक कालवड हाय फक्त. तू ह्यात तोंड घालू दे, नि पुढच्या महिन्यात खड्डा खण."

त्या पाण्यात तेव्हा रोग उरला होता की नव्हता, देव जाणे. ते पाणी त्याच दिवशी सकाळी भरलेलं होतं. पण एक बैल त्यांच्या खांद्यावरून मान पुढं घालत होता, आणि दुसऱ्यानं बाजूनं वाट काढून होडीच्या कडेला नाक लावलंच होतं. जाऊबाईंनी मागं वळून पाहिलं. मला वाटतं त्यांनी ते तेव्हाच ठरवलं, त्या आधी नाही.

"धाकटे," त्यांनी कुडाकडे बघून हाक मारली. "ये इकडे. हात लाव."

मी त्या परक्या माणसासमोर गेले. पदर सावरायचंही भान नव्हतं. आम्ही दोघींनी होडीच्या एका कडेला खांदे लावले. पहिल्यांदा ती हललीच नाही, पाण्याचं वजन होतं. मग जाऊबाईंनी पायानं खालचा एक दगड सरकवला आणि होडी कलली, पाणी एका बाजूला धावलं आणि त्यानंच तिला उलटवलं. सगळं पाणी लाल मातीत गेलं आणि उताराला लागलं. होडी पालथी पडली. तिच्या तळाला शेवाळ होतं, आणि राळेचा तो नवा काळा गोळा.

बैल ओल्या मातीकडे वाकले, माणसानं त्यांना जोरानं मागं ओढलं. आता तो हसत नव्हता. जाऊबाईंनी त्याला सांगितलं की खाली न जाता डाव्या हातानं जा, पऱ्याला वरच्या अंगाला वाहतं पाणी आहे, तिथं यंदा कुणाची गुरं गेलेली नाहीत. तो बरं म्हणाला आणि गेला. छत्री मिटून काखेत धरली होती, उघडायची विसरला.

सासूबाई ओटीवर नव्हत्या. आत देवापाशी बसल्या होत्या.

संध्याकाळी जाऊबाईंनी त्यांचं पान वाढलं. सासूबाईंनी भाताला हात लावला आणि तसाच ठेवला. "आज त्यालाही कुणीतरी नाय म्हटलं असेल," त्या म्हणाल्या.

जाऊबाई म्हणाल्या, "होय." आणि आमटी वाढली.

ह्यांना कार्ड मी लिहिलं. काय लिहायचं ते कोणी सांगितलं नाही, मीही थोडंच लिहिलं. पावसाळ्याच्या तोंडाला बोटी बंद व्हायच्या आधी हे आले. भटजींनी पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा केला. तो फार लहान वाटत होता. दिरांना मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण ते उंच होते असं ऐकलं होतं. ह्यांनी अग्नी दिला. पानं ओली होती, पेटायला वेळ लागला. घरात बायकांनी जाऊबाईंच्या बांगड्या फोडल्या. त्यांनी हात स्वतःच पुढं केले होते. रडल्या त्या सासूबाई. जाऊबाईंचं लक्ष सारखं गोठ्याकडे जात होतं, कारण कालवड बांधलेली नव्हती आणि माणसांच्या गर्दीत बिथरली होती. शेवटी त्यांनीच मला खुणेनं ती बांधायला पाठवलं.

ती पांढऱ्या बैलांची जोडी काकांनी घेतली. बैल जगले. त्या पावसाळ्यात आमच्या दोन्ही घरांची आणि आणखी तीन घरांची नांगरट त्यांनीच केली. काका त्यांना वाडीबाहेर नेत नसत आणि परक्या गुराला वाटेवर थांबू देत नसत. पुढं काही वर्षांनी साथ पुन्हा आली तेव्हा लस वेळेवर आली. आमच्या वाडीनं कुरकुर न करता गुरं टोचून घेतली. ज्यांची मेली होती त्यांना समजवावं लागलं नाही.

गौरी त्या वर्षीपासून मी घेऊ लागले. जाऊबाई मागं उभ्या राहून काय कुठं ठेवायचं ते सांगत, मी ठेवत असे. हळदीकुंकवाचं बोलावणं मला एकटीला येऊ लागलं. मी जात नसे, काहीतरी सबब सांगे. मग एकदा जाऊबाईच रागावल्या, माझ्यापायी तू कशाला घरात बसतेस म्हणाल्या, म्हणून गेले.

इतकी वर्षं रोज कुंकू लावून त्यांच्या कपाळावर एक गोल फिकट राहिला होता. बाकीचं कपाळ शेतातल्या उन्हानं रापलेलं, आणि मधे तेवढी जागा वेगळी दिसायची. लावणीला आम्ही शेजारी शेजारी वाकलेल्या असायचो तेव्हा घाम पुसताना त्यांचा हात तिथं येऊन अजूनही चुकवून जायचा, कुंकू फिसकटू नये म्हणून. तो गोल बाकीच्या कपाळासारखा व्हायला बराच काळ लागला. हात चुकवायचं मात्र त्यांच्यानं पुढं कधी सुटलं नाही.